तुमचा आकडा मी कमी केला

सर, आज सकाळी दहाला दुकान उघडलं, इंटरनेटवरचं तुमचं पान काढलं आणि त्यावरचे चौदा शोधनिबंध खोडले. चौदातला एकही तुमचा नव्हता. तुमचंच आडनाव आणि तुमचीच आद्याक्षरं असलेले कुणी डॉक्टर हृदयरोगावर लिहितात. तुम्ही गेल्यावर, एवढ्या वर्षांत, संगणक त्यांचे निबंध आपोआप तुमच्या नावावर चढवत राहिला. मला दिसत होतं, मी राहू देत होतो. इतरांनी आपल्या लेखनात तुमच्या निबंधांचा आधार किती वेळा दिला, ती मोजणी त्यामुळं हजारापुढं गेली होती. खोडल्यावर एकोणचाळीस उरली.

असं तुम्ही असताना एकदा झालं होतं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडून मी कॉलेजसमोरच्या या टायपिंगच्या दुकानात बसलो, तेव्हा तुमच्या निबंधांचं काम तुम्ही मलाच दिलंत. वाढलेला आकडा बघून मी हरखून गेलो, प्रिंट काढून तुमच्यापुढं धरली. तुम्ही नुकतेच येडशीच्या रामलिंगच्या डोंगरातून आलेले, पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं. कागद वाचता आणि म्हणता, "आरं, मी कधी कुणाचं काळीज तपासलं? काढ ते. माझं असंल तेवढंच ठेव."

"पण सर, मग लई कमी दिसतंय."

तुम्ही स्टुलावर बसून एकेक कुसळ उपटता. "गवत ओळखणारे सगळ्या देशातले एका जीपमधी मावतील. त्यातले दोघं माझ्याशी बोलत न्हाईत. आधार देणार कोण? काळजाच्या डॉक्टरांची जत्रा भरती. गवताचा आकडा गवतासंगंच मोजायचा, काळजासंगं न्हाय." मग आधार देणाऱ्यांच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणालात, "ह्यानं तर माझी चूक काढलीय. ती बी मोजलीय बघ!" आणि असे हसलात, की शेजारचा चहावाला डोकावून गेला.

कॉलेजात नवी प्रयोगशाळा झालीय. तळमजल्यावर तुम्ही वाळवून चिकटवलेले गवताचे नमुने आहेत. इमारतीला नाव तुमचं द्यायचं की रसायनशास्त्राच्या जुन्या सरांचं, यावर समितीत जुंपली. भांडण नको म्हणून प्राचार्यांनी दोघांचे आकडे मागवले. तुमच्या घरी काकूंच्या कानावर हे आलंच. परवा भाजीची पिशवी घेऊन त्या दुकानात आल्या. "ह्यांचं नाव लागतंय म्हणं?" मी म्हणालो, "लागंल की, काकू."

तरी आज मी ते खोडले. तुमचा शब्द पाळायला म्हणून नाही, सर. पुढं कुणी पकडलं तर पान सांभाळणारा मीच सापडेन, या भीतीनं.

दुपारी प्रिंट घेऊन गेलो. केबिनमध्ये समितीचे तिघं बसलेले. प्राचार्य म्हणाले, "परवा तर हजाराच्या वर होता की रे. कुठं गेला?"

"ते दुसऱ्याचे होते, सर."

"बरं झालं सांगितलंस. न्हायतर बाहेर हसं झालं असतं. मग एवढंच?"

रसायनच्या सरांचा आकडा टेबलावर होता, कितीतरी पट मोठा. गवताचा आकडा गवतासंगं मोजायचा, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमची सगळी वाक्यं माझ्या जिभेवर होती, जीपसकट. समोरचे तिघंही पीएच.डी. झालेले, आणि मी त्यांच्याच कॉलेजातून पळालेला. त्यांना मी काय शिकवणार? "व्हय सर, एवढंच," म्हणालो आणि दार हळूच ओढून घेतलं.

चार वाजता पाटीचा मजकूर टाइप करायला शिपाई आला. रसायनच्या सरांचं नाव. त्यांच्या नावातली वेलांटी मी दोनदा तपासली आणि कागद दिला.

हे पत्र लिहून मी कुणाला दाखवणार नाही. उद्या काकू येतील, विचारतील. समितीनं ठरवलं, एवढंच सांगायचं, हे मी ठरवून ठेवलंय. मी तिथं होतो, हे सांगणार नाही.