डबीच्या खाचेतलं भस्म

शिवांजली,

मी सकाळच्या एसटीनं युसूफ वडगावला बहिणीकडं चाललोय, सांजच्याला येतो. तोंडानं सांगणं जमंना, म्हणून लिहितोय.

काल अमरनाथची काळी हार्डडिस्क कंप्युटरला दिसंना, तवा तूच पाडली असशील म्हणून मी लई बोललो. सुनेला असं बोलतात का कुणी?

आज तू नळाला गेल्यावर मी वायर बदलून बघितली, कंप्युटरच्या मागच्या बाजूला लावून बघितली. हार्डडिस्कच्या डबीचा लाईट लागायचा, पडद्यावर काईच न्हाई. मग बॅटरी मारून डबीच्या खाचेत बघितलं, तर आत भस्म गच्च बसलेलं.

ते माझंच. अमरनाथ गेल्यापासून रोज पूजा झाली की मी डबीवर भस्माची तीन बोटं ओढतोय. अख्ख्या परळीचे फोटो काढले माझ्या पोरानं, पण त्याचा स्वतःचा हसरा फोटो तेवढा त्या डबीतच हाय. भिंतीवरचा तो गेल्यावर, समाधी द्यायच्या आधी बसवून काढलेला. तो मला बघवत न्हाई.

त्याच्याच लेन्स पुसायच्या ब्रशनं खाच साफ केली. आता पडद्यावर डबी दिसतीय. वायर हलवू नको. फोटो मी उघडले न्हाईत, आधी तू बघ. अकराला लाईट जाती, त्याच्या आत बघून घे. दूध तापवून ठेवलंय.

उद्यापासून भस्म कुठं लावू, तेवढं सांग.

मामा