पलीकडचा डबा

१० नोव्हेंबर
सुटलो एकदाच्या खोपटच्या चाळीतून! आंबिवलीचा हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याचा असला, तरी खिडकीतून नदी दिसते. इथे बस डेपोचा धूर नाही. रसिका नऊ वर्षांची, पण दम्याचा पंप खिशात असल्याशिवाय जिना चढत नाही. आम्ही मायलेकी दोघीच, सामान ते किती! तळमजल्यावरच्या हौसाबाईंनी चहा पाजला आणि आडनावही विचारलं नाही. शेजार बरा लागला म्हणायचा.

१३ नोव्हेंबर
हौसाबाई सांगत होत्या, नदीपल्याड एक बेट हाय, तिथं कुणी आजारी पडत नाय, कुणी मरत नाय, झाडांना बारमाही फळं. मला हसू आलं. अशी जागा असती तर बिल्डरांनी एव्हाना टॉवर ठोकले नसते? पण त्यांनी दिलेल्या स्टीलच्या डब्यात पिकलेले आंबे निघाले. नोव्हेंबरात! रसिकाने कोय पांढरी होईस्तोवर चोखली. डबा तिकडूनच येतो, आणि तो रिकामाच परत द्यायचा, अशी बाईंची सक्त ताकीद.

१९ नोव्हेंबर
रोज डबा येतोय. आज रसिका पंपाशिवाय जिना पळत चढली! मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले. अशांचा डबा रिकामा कसा पाठवायचा? निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असंच आईने शिकवलंय. रसिकाने हट्टाने आयुष्यातला पहिला शिरा केला, त्यात साखरेपेक्षा वेलचीच जास्त. तोच डब्यात भरला आणि हौसाबाईंना न सांगता त्यांच्या दाराशी ठेवून आले.

२१ नोव्हेंबर
हौसाबाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी दाराला कडी घातली. तिकडच्यांना भूक नसते म्हणे, पण एकदा माणसाच्या हातची चव लागली की ते तो हातच मागतात. म्हातारीचं काहीतरीच.
वर आले तर डबा आमच्या दारात. चाटूनपुसून रिकामा.

२४ नोव्हेंबर
रसिका घरचं जेवत नाही. दुपारभर खिडकीत बसते. पलीकडून शिरा मागतायत म्हणते. मी खिडकी लावून घेतली. काचेवर बाहेरून ओले पंजे उमटलेत. दुसऱ्या मजल्यावर.

२६ नोव्हेंबर
भीती वाटते. हौसाबाईंच्या दाराला कुलूप. उद्या परत खोपटला. धूर परवडला.

२७ नोव्हेंबर
रिक्षा आणायला खाली गेले. तेवढ्यातच—
नदीकाठी तिच्या चपला. नीट लावून ठेवलेल्या. शेजारी पंप.
पोलीस म्हणतात, बुडाली. मी म्हणते, पंप ठेवून का गेली?

२९ नोव्हेंबर
दारात डबा. गरम शिरा. साखरेपेक्षा वेलची जास्त.
आहे. ती जागा खरंच आहे. माझी पोर तिथे—

३० नोव्हेंबर
भाकरी थापल्या. माझ्या हातच्या. डबा भरून दाराबाहेर ठेवला. कडी काढलीय.
जिन्यात पावलं. ओली. खूप जणांची. त्यात एक तिचं—
रसिका, पळू नकोस गं, धाप लाग—