खांदा ठणठणीत आहे

३ जून, सोमवार
उजवा खांदा आखडला. कात्री गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत जाते, त्याच्या वर जायला कां-कूं करते. त्यात मालक नवीन दुकान काढतायत. महिनाअखेर त्याची चावी एकाला देणार. एक तर मला, नाहीतर शेजारच्या खुर्चीवरच्या शिट्टीला. दिवसभर शिट्टी वाजवतो म्हणून शिट्टी. आईला कळवून टाकलं, चावी मलाच. उगाच उशीर कशाला.

५ जून
दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंना दाखवलं. वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलके झुलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. पाठीमागून टॉवेल धरून ओढायचा. बाईंनी बजावलं, जोर लावू नकोस, पण रोज कर. एवढंच? पोरखेळ आहे. उद्या पहाटे पाचपासून सुरू.

६ जून, सकाळी ९
पाचला झोपेत होतो. झोपेत खांद्याला आराम मिळतो. तोही उपचारच.

८ जून
आज दणकून व्यायाम. हलके झुलवलं तर गुणही हलकाच येणार. म्हणून गरागरा फिरवला. कट्‌कन आवाज आला. गाठ सुटली असणार.

९ जून
शर्ट घालता येईना. शिट्टीने बटणं लावून दिली. शिट्टी वाजवतच. डोक्यात गेला.

१३ जून
युक्ती सापडली. खुर्ची पार खाली घ्यायची, म्हणजे हात वर न्यायलाच नको. गिऱ्हाइकाचे गुडघे छातीला टेकतात, पण आपल्याला गुडघ्यांचे केस थोडेच कापायचेत. एका आजोबांना मात्र दोघांनी धरून उपसावं लागलं. शिट्टीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, तू केस कापतोस की विहीर खणतोस.

१७ जून
खोलीवर वेळच मिळत नाही. म्हणून दुकानातल्या आरशावर बोटं चालवली. खांद्याइतकी वर गेली आणि अडली. आरसा फार गुळगुळीत. मालक विचारत होते, आरशावर पंजे कुणी उमटवले. मी शिट्टीकडे पाहिलं.

२१ जून
आईचा फोन. म्हटलं, काळजी करू नकोस, खांदा ठणठणीत आहे. तिने विचारलं, खांद्याला काय झालं होतं? हिला नको तिथे शंका. नवीन दुकानाचं शेजारपाजारी सांगून झालंय म्हणाली. व्यायाम परवापासून नियमित.

२६ जून
ताडमाड गिऱ्हाईक आलं. खुर्ची तळाला नेली तरी डोकं वरच. जिथवर हात पोचला तिथवर कापले, वरचे राहू दिले. हल्ली फॅशन आहे. त्याने आरशात बराच वेळ पाहिलं, मग मालकांना हाक मारली. मालकांनी स्वतः कात्री घेतली. जुनं गिऱ्हाईक असेल, त्यांच्याच हाताची सवय.

३० जून
दुकान बंद केल्यावर मालकांनी आम्हा दोघांना थांबवलं. चावी टेबलावर. रागावले नाहीत, तेच वाईट. मला म्हणाले, हात वर कर. मी झटक्यात थेट छताकडे केला.
"तो नाही रे. दुसरा."
दुसरा निघाला. खांद्यापाशी थांबला. मालकांनी वाट पाहिली. शिट्टीनेही पाहिली, शिट्टी न वाजवता.
चावी त्याला. मी उद्यापासून गिऱ्हाइकांची डोकी धुणार. खांदा सुटला की खुर्ची परत मिळेल म्हणाले.
आईला अजून कळवलेलं नाही. फोन लावायला डावा हातही चालतो, तरी.