मीटरमधला लाल दिवा

९ फेब्रुवारी

झालं! सासऱ्यांच्या गाडीचं मीटर एकदाचं उजळलं. पहाटेच्या ड्रायव्हिंगच्या शिकवणीला बिचारे टॉर्च मारून वेग बघत होते. जुने बल्ब काळे पडलेले, तसले आता मिळत नाहीत. म्हटलं, एलईडी घालते. तर म्हणतात कसे — "वजनकाटे दुरुस्त करणं वेगळं, इंजिनीअरबाई, गाडी वेगळी." मग तर घालणारच!

पाच पांढरे, एक लाल. प्रवाह आवरणारे रेझिस्टर नीट गणित करून निवडले. बॅटरी बारा व्होल्टची धरून चालणारे फसतात. इंजिन सुरू झालं की ती चौदाच्या वर जाते आणि मग एलईडी पटापट जळतात. मी चौदा पॉइंट दोन धरले. पांढऱ्यांना पाचशे साठ ओहम. पाचही एकसारखे पेटले. लाल आहे तो बॅटरीच्या चित्रामागे — चार्जिंग होत नसलं तर पेटणारा. त्याला सहाशे ऐंशी.

१० फेब्रुवारी

तक्रार आलीच. "पांढरे छान आहेत गं. पण तो लाल... किल्ली फिरवली की डोळ्यात खुपतो. मंद कर."

केला. सहाशे ऐंशी काढून बावीसशे ओहम. आता उजेडात दिसतही नाही, वर हाताचा आडोसा धरावा लागतो. स्वारी खूश! "हात आहे तुला." या घरात आठ वर्षांत पहिलं कौतुक. लिहून ठेवलेलं बरं.

१६ फेब्रुवारी

बॅटरी उतरली. पहिली शिकवणी बुडाली. नवऱ्याचं लगेच सुरू — "बाबा, काल दिवे चालू ठेवलेत." ते म्हणाले, नाही.

१९ फेब्रुवारी

पुन्हा!

२२ फेब्रुवारी

सुट्टी घेऊन मीच गाडी काढली. हमरस्त्यावर वीस किलोमीटर, शेजारच्या सीटवर व्होल्ट मोजायला मल्टिमीटर. चौदा पॉइंट दोन. चार्जिंग ठणठणीत. बॅटरी तपासून आणली — चांगली आहे. गाडी बंद असताना कुठे विजेची गळती आहे का पाहिलं — थेंबभरही नाही.

मग राहतं काय? जेवताना ते कोणी बोलेना. शेवटी मीच बोलले. "बाबा, जरा नीट आठवून बघा ना." त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. मी ताट तसंच ठेवून उठले.

२५ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा उतरली. हॉस्पिटलातली नर्स शिकायला येते, ती रात्रपाळी करून आलेली, अर्धा तास फाटकाशी उभी. आज ह्याने बोलून टाकलं — "दिवे विसरणारा माणूस उद्या ब्रेक विसरेल. शेजारी नवशिकं माणूस असतं, बाबा!" ओरडला नाही, हेच वाईट. चुकीचंही बोलला नाही.

वाटलं, आता भडका उडणार. एकतीस वर्षं शिकवतायत, अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. पण ते म्हणाले, "बरं. आणखी एकदा उतरली तर क्लास बंद. गाडी विकून टाक."

ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी

फ्यूज शोधायला गाडीतला कप्पा उघडला. आत छोटी वही, बाबांचं अक्षर. शेवटची पानं —

"दिवे बंद. किल्ली खिशात."
"दिवे बंद. दोनदा पाहिलं."
"दिवे बंद. तीनदा पाहिलं."
"दिवे बंद. बहुतेक."

बहुतेक! आमचा हा माणूस पंचवीस वर्षांपूर्वी कुणी कुठल्या चौकात इंजिन बंद पाडलं ते सांगतो. आम्ही दोघांनी मिळून त्याला 'बहुतेक' लिहायला लावलं.

मागची पानं उलटली नाहीत. चोरून वाचायची लाज वाटली. वही होती तशी ठेवली.

१ मार्च

उतरली नाही. सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकेपर्यंत अंथरुणात श्वास रोखून पडले होते.

३ मार्च

लिहायची लाज वाटतेय. तरी लिहितेच.

पहाटे हट्टाने मागच्या सीटवर बसले. बाबा चिडले — "परीक्षा घ्यायला आलीस?" नर्स चालवत होती. हेडलाइट चालू, मीटर चालू. बाबांची जुनी पद्धत — पहिला महिना ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. क्लच हळू सोडायचा, गाडी आपली आपण सरकते. "रेस नको! रेस नको!" हा त्यांचा जप. गाडी गोगलगायीसारखी मैदानाला फेऱ्या मारत होती.

मल्टिमीटर पाहिला. बारा. मग अकरा पॉइंट नऊ. मग अकरा पॉइंट आठ. चार्जिंग शून्य! पुढे वाकून लाल दिव्यावर हात धरला. पेटलेला होता. मंद, लालसर, कोणाला दिसणार नाही असा. मीच तसा केलेला.

तेवढ्यात नर्सचा पाय घसरला, इंजिन किंचाळलं, बाबा ओरडले — आणि आकडा उडी मारून चौदा पॉइंट दोन! लाल दिवा विझला.

तिथेच सगळं कळलं. जुना बल्ब नुसता दिवा नव्हता. त्याच्यातून पाव अँपिअर जायचा आणि तोच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, जागं करायचा. माझ्या बावीसशे ओहममधून जेमतेम पाच मिलीअँपिअर जातात, त्याचा पन्नासावा हिस्सा. तेवढ्याने तो जागा होत नाही. जोरात रेस दिली तर आपला आपण उठतो. मी हमरस्त्यावर गाडी पिटाळली म्हणून मला कधी सापडलं नाही. आणि बाबा कोणाला रेस देऊ देत नाहीत! कोणी चुकलं त्या दिवशी बॅटरी भरली, सगळे नीट वागले त्या दिवशी उतरली.

दिवे ते रोज बंद करत होते. रोज. शहाणपणा माझा नडला आणि बोलणी त्यांनी खाल्ली. त्यांना सांगायचं तोंड नव्हतं. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

४ मार्च

लाल दिव्याला समांतर एक अडुसष्ट ओहमचा, पाच वॉटचा जाडजूड रेझिस्टर लावला. गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटरला पाय न लावता. चौदा. बंद करून पुन्हा. चौदा. दहा वेळा केलं.

मग ह्याला आणि बाबांना समोर बसवलं आणि सांगितलं. वाटलं, आता काय ऐकावं लागतंय! तर बाबा म्हणाले, "म्हणजे मी बंद करत होतो?"

"रोज, बाबा."

"रोज?"

तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं. ह्याने उठून त्यांचे पाय धरले. आठ वर्षांत बापलेकांना एकमेकांना शिवताना मी पाहिलं नव्हतं.

१० मार्च

सहा दिवस झाले, गाडी हाकेला ओ देते. ह्याने आधीच देऊन ठेवलेली गाडी विकायची जाहिरात काढून टाकली. बाबा शीळ वाजवतायत, बेसूर. आता ज्याला त्याला माझी गोष्ट सांगतात — "आमच्या इंजिनीअरबाईंनी मला वेडा ठरवला होता!" हसतात. मीही हसते. माझा जीव भांड्यात पडलाय, खुशाल चिडवू देत.

१२ मार्च

नर्स पास! बाबांनी वही आणून माझ्या हातात दिली. "टाकून दे. आता गरज नाही." बाहेर फोनवर कोणाला सांगत होते, उद्या सहाला या, नवीन शिकवणी सुरू करू. टाकण्याआधी पहिलं पान उघडलं.

"२१ जानेवारी. शिकवणीहून परतताना आपली गल्ली सापडेना. तीन फेऱ्या मारल्या. कोणाला सांगितलं नाही. आजपासून सगळं लिहायचं."

मीटरला मी हात लावला तो नऊ फेब्रुवारीला.