उमऱ्याआधीची माफी

३ नोव्हेंबर, सोमवार
तिकिटं आली! बारा तारखेला उमऱ्याच्या यात्रेला — मुलगा नदीम, सूनबाई आणि मी. नात अफशीन इथे जवळच मोहालीला मावशीकडे राहील. नवा पांढरा बुरखा तीनदा काढून बघितला. सून म्हणाली, "अम्मी, घालायच्या आधीच झिजवाल!" झिजू दे.

४ नोव्हेंबर
निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची, आपली रीतच आहे. सकाळपासून फोनच फोन. खालच्या उर्मिलाताईंनाही म्हटलं, चुकलंमाकलं माफ करा. "अहो, तुम्ही काय केलंय? मीच तुमचा कुकर नेलाय, महिना झाला!" हसून पोट दुखलं.

६ नोव्हेंबर
अफशीन तिच्या उस्तानीकडून, कुराण शिकवणाऱ्या बाईंकडून, सात मोठे गुनाह शिकून आली. माझीच परीक्षा!
"दादी, जादू किया?" अगं, मला घावन उलटता येत नाही, जादू कुठली!
"खून?" डासांचे.
व्याज नाही, यतीम-अनाथाचं खाल्लं नाही. छाती फुगली माझी. मग शेवटचा — नेक बाईवर खोटा आळ.
"दादी, चुप क्यों?"
म्हटलं, चहा उतू जातोय. चहा ठेवलाच नव्हता. घ्या, आणखी एक खोटं.

७ नोव्हेंबर, जुम्मा
हमीदा. माझी जाऊ. दापोलीकडचं आमचं घर, मागे फणस, पुढे खाडी. एकाच वर्षी दोघी लग्न होऊन आलो, एका ताटात जेवायचो. काय हसायची — पदर तोंडात कोंबून! फणसाची सांदणं करायचो. तिची मऊ, माझी दगड. सासू म्हणायची, "हमीदाकडून शिक." तेच टोचलं. एकदा ती शिंप्याशी बोलत होती, झंपराच्या मापाचं. मी सगळ्या घरासमोर म्हटलं — रोज बोलते, हसून हसून.
रोज नव्हतं. हसलीही नव्हती.
दिराने तिला माहेरी धाडलं. दोन वर्षं! परत आणलं, पण माझ्या ताटात ती पुन्हा बसली नाही. चाळीस वर्षं झाली.

९ नोव्हेंबर
नदीमला सांगितलं. इथल्या सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत एवढी बारीक यंत्रं बनवतो, पण बोलला काय — "अम्मी, तौबा करा. अल्लाह माफ करेल."
त्याचं तो करेल रे. हमीदाचं हमीदाच करणार.

१० नोव्हेंबर
अफशीनने तोंड दिसतं तो फोन लावून दिला. तिला बाहेर पाठवलं. हमीदाचे दात गेलेत! सगळं कबूल केलं मी. शिंपी, सांदणं, सगळं. तिने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "फोनवर नाय. माझ्या घरच्यांसमोर बोललीस ना? त्यांच्याचसमोर येऊन खोडून काढ." बंद केला.

११ नोव्हेंबर
नदीमला म्हटलं, उद्या तुम्ही दोघं जा. मला दापोलीला जायचंय.
अफशीनला बरोबर नेतेय. चार दिवस शाळा बुडेल. बुडू दे. तिनेही ऐकावं.