हिरवा तुकडा

धुळे, ९ मे १९९३, संध्याकाळ

लेकीच्या बाळासाठीची गोधडी आज झाली. यंदा टाके नाहीत. शिंपी कॉलरला लावतो ते इस्त्रीने चिकटणारं कापड आणलं, एकेका तुकड्याखाली ठेवलं आणि इस्त्री फिरवली. मधोमध मायच्या लुगड्याचा हिरवा तुकडा. दुपारभरात काम उरकलं, म्हणून स्वतःवरच खूश होते.

मग साक्रीहून थोरली अक्का आली. गोधडीवरून हात फिरवत म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे व, पन हाई उसवशी कसं?"

उसवणं! दर उन्हाळ्यात माय जुनी गोधडी उसवायला बसायची. विरलेलं टाकायची, धड असेल ते नव्या गोधडीत घालायची. आम्ही दोघी दोरे ओढायचो. हा हिरवा तुकडा असाच अक्काच्या गोधडीतून माझ्या आणि माझ्या गोधडीतून लेकीच्या गोधडीत आला. एवढं कसं विसरले मी?

अक्का गेल्यावर नखाने हिरव्या तुकड्याचा कोपरा सोडवून पाहिला. कापड फाटलं, पण चिकटलेलं सुटलं नाही.

शेवटी सुई घेतली. फाटल्या कोपऱ्याला मायसारखे लांब लांब टाके घातले. तेवढे तरी कुणाला उसवता येतील.