दर नळकांड्यात दोन ठिणग्या

जुहू, मुंबई
ता. ९ फेब्रुवारी १९३३

सौ. राहीबाईस दुरून भरभरून आशीर्वाद.

आपला सहदेव खुशाल आहे. इथली रीत अशी, की ज्या मेकॅनिकने विमानाचं इंजिन खोलून जोडलं, त्यानेच पहिल्या उड्डाणात वैमानिकाबरोबर बसायचं. उद्या सकाळी त्याची पाळी.

"थांबवा त्याला, कविता म्हणत बसू नका," असं पोलादपूरला मोटारीत बसवताना तू बजावलंस. मी थांबवायलाच गेलो, तर तो हसला.

"आबा, आई समईत दोन वाती कशाला लावते? इथं इंजिनात पण तसंच हाय. दर नळकांड्यात दोन ठिणग्या, त्या पाडणारी यंत्रं पण दोन. एक बंद पडलं तरी दुसरं हायच की!"

मग इंजिन चालू करून ठिणगीचं एकेक यंत्र बंद करून दाखवलंन. आवाज जरा बसला, पण इंजिन थांबलं नाही. पेट्रोलसुद्धा तो चामड्यातून गाळतो, पाण्याचा थेंब आत जाऊ देत नाही.

मला शाळेतली, पंख फुटल्यावर घरट्याबाहेर झेपावणाऱ्या पाखराची कविता आठवली, नि नको म्हणायचं राहूनच गेलं. रागावू नकोस.

तांबू व्याली का?

हे पत्र सहदेव खाली उतरल्यावरच पेटीत टाकीन. तुझ्या हाती आलं, म्हणजे पोर जमिनीवर आहे असं समज.

तुझाच,
सोनबा